तेराव्या ठिकाणची ओळ

दि. ६ मार्च १९८९

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले आणि मी उत्तराला आत्ता बसतेय, तेव्हा आधी स्वतःचे कान धरते. आप्पांना सांग, माझं मागचं पत्र त्यांनी लाल शाईनं तपासून परत पाठवलं ते पोचलं. सहा ऱ्हस्व-दीर्घ आणि एक विसर्ग. छापखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आमच्या घरातला मुद्रितशोधक काही निवृत्त झालेला नाही.

आता इथली हकीकत. आमचा नवा सर्व्हर एकदाचा उभा राहिला. दोन दारांच्या कपाटाएवढा आहे, चालू केला की शेजारच्या खोलीतल्या टायपिस्टबाईसुद्धा मोठ्यानं बोलायला लागतात. आणि आत एक नव्हे, चार प्रोसेसर! चौघांना मिळून मेमरी एकच. तू इथे होतीस तेव्हा असं काही कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अडचण एवढीच की आमची ऑपरेटिंग सिस्टीम तुझ्या वेळचीच आहे, एका प्रोसेसरसाठी लिहिलेली. सुरुवातीला आम्ही सोपी वाट धरली. सिस्टीमच्या आतलं काम फक्त पहिल्या प्रोसेसरनं करायचं, बाकी तिघांनी लोकांचे प्रोग्रॅम चालवायचे. झालं असं की डिस्कवरचं काही हवं असलं की तिघंही पहिल्याच्या दारात रांगेत. चार प्रोसेसर बसवून वेग जेमतेम दुप्पट.

म्हणून गेले आठ महिने आम्ही तिघंजणं सगळी सिस्टीम उसवून पुन्हा शिवतोय. आता कुठल्याही प्रोसेसरला तिच्यात शिरता येतं. दोघांनी एकाच वेळी एकाच यादीत हात घालू नये म्हणून जागोजागी कुलपं घातली आहेत. कुलूप म्हणजे मेमरीतला एक आकडा. तो एकानं धरला की सुटेपर्यंत दुसऱ्यानं तिथेच थांबायचं. वेग कितीवर गेलाय सांगू? साडेतीन पट. साहेबांनी (आमचे विभागप्रमुख, तू गेल्यावर आले) हा आकडा फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढली आहे.

पण यंत्र मधेच गप्प होतं. कधी सहा तासांनी, कधी दीड दिवसानं. चूक दाखवत नाही, बंद पडत नाही, नुसतं गप्प. जुनी सिस्टीम घालून एकाच प्रोसेसरवर चालवलं तर आठवडाभर कुरकुर नाही. तेव्हा साहेबांचं मत असं पडलं की जुन्या फायलींतली एखादी अनेक प्रोसेसरांना लायकच नाही, आणि त्यांचं बोट एका फायलीवर आहे. डिस्कवरून आणलेली माहिती मेमरीतल्या ज्या कप्प्यांत ठेवतात त्या कप्प्यांची यादी सांभाळणारी. काल बैठकीत म्हणाले, हे लिहिणारा कोण होता कुणास ठाऊक, घाईत उरकून गेलेला दिसतोय.

वहिनी, ती फाईल तुझी आहे. मी मान खाली घालून पेन्सिल चावत बसले. तू माझी वहिनी आहेस हे इथे कुणालाच माहीत नाही आणि मी काल सांगितलं नाही. आता त्याचीच लाज वाटतेय.

रागावलीस तर सरळ लिही. दादाला नमस्कार. तुझी माया माझ्या वाटणीची असते तेवढी राहू दे, फार नाही मागत.

तुझी,
खारू


दि. १३ मार्च १९८९

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठले आणि फडताळातले सगळे डबे उतरवून घासले. तुझा दादा दारात उभा राहून म्हणाला की राग कुणावर आहे तेवढं सांग, म्हणजे मी त्या बेतानं फिरून येतो. तुझ्यावर नाही गं. आणि थोडा तुझ्यावरही. पेन्सिल चावायची सवय म्हणून आप्पांनी तुझं नाव खारू ठेवलं. पण बैठकीत पेन्सिल तोंडातून काढून दोन शब्द बोलायला काय झालं होतं?

घाईत उरकून गेलेली मी! ती फाईल मी चार महिने लिहीत होते. तुमच्या साहेबांना सांग (किंवा नको सांगू, पण तू तरी समजून घे), तेव्हा प्रोसेसर एकच होता. त्याच्या कामात मधे कडमडणारं एकच कोण, तर इंटरप्ट. डिस्कनं माहिती आणली की ती प्रोसेसरला हाक मारते, आणि हाक आली की त्यानं हातातलं तसंच टाकून तिकडे जायचं. यादीची अर्धी गाठ सोडलेली असताना हाक आली तर यादीचा गुंताच. म्हणून यादीला हात लावण्याआधी इंटरप्ट बंद करायचे आणि काम झालं की उघडायचे. तेरा ठिकाणी केलंय मी ते. तेरा. शाळेत वर्गावर हजेरी घेताना नावं चुकतात माझी, पण ही तेरा ठिकाणं आजही ओळीनं सांगेन. त्या काळी तेवढं पुरेसं होतं. दुसरा प्रोसेसर शेजारी येऊन बसणार आहे हे मला कुणी कळवलं नव्हतं.

बरं, राग संपला. आता कामाचं. यंत्र गप्प होतं म्हणजे नेमकं काय होतं? सगळे प्रोसेसर एकदम थांबतात की एकामागून एक? एकामागून एक असेल, तर आधी कोण? नेहमी तोच, की दर वेळी वेगळा? आमच्या यंत्रात मागच्या बाजूला प्रोसेसरच्या पाटीवर दिवा असायचा, तुमच्याकडे चौघांनाही असेलच. फायली वाचण्याआधी दिवे बघ. आणि आणखी एक विचारते: डिस्कची हाक चौघांपैकी कुणाला जाते?

इकडे सगळे मजेत. तुझ्या दादाच्या पाणीपुरवठा खात्यानं नवी टाकी बांधली, आणि ती टाकी आमच्याच गल्लीला पाणी देत नाही. शेजारणी आता मला सरकारी माणूस समजून जाब विचारतात. आप्पांचा गुडघा बरा आहे. शाळेला दीड महिन्यानं सुट्टी लागेल, मग मी मोकळी.

लवकर लिही. लोभ होता तिथेच आहे, डबे घासताना थोडा चमकला इतकंच.

तुझी,
वहिनी


दि. २१ मार्च १९८९

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एक नंबर. नेहमी एक नंबर!

सांगते सविस्तर. प्रोसेसरनं नवं काम उचललं की त्याच्या पाटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो. मी यंत्राचं मागचं दार उघडून समोर स्टूल टाकलं आणि सकाळपासून बसून राहिले. माझ्याबरोबरच्या दोघांना वाटलं मी कामाच्या ओझ्यानं बिघडले. डिस्कवर होईल तेवढा भार टाकला होता, त्यामुळे फार वाट बघावी लागली नाही. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी गप्प. मी नेमकी चहाचा कप उचलत होते आणि बघायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मात्र डोळ्यांदेखत झालं. एक नंबरचा दिवा स्थिर झाला. बाकीचे तीन अगदी आनंदात लुकलुकताहेत. मग तिसरा थांबला, मग दुसरा, मग चौथा. सगळं दोन-तीन सेकंदांत. त्यानंतर आणखी दोनदा पाहिलं. मागच्या तिघांचा क्रम दर वेळी वेगळा, पण पहिला नेहमी पहिला. आणि हो, डिस्कची हाक त्या एकालाच जाते, आम्ही तशीच जोडणी केली आहे. हे तुला तिथे बसून कसं सुचलं?

मग मी साहेबांच्या खोलीत गेले. सांगितलं की त्या फायलीचा लेखक घाईत उरकून गेलेला माणूस नाही, ती बाई आहे, माझी वहिनी आहे, आणि दिवे बघायची युक्ती तिचीच. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, बैठकीतलं माझं बोलणं त्यांच्यापर्यंत गेलं का. मी म्हटलं, शब्दन् शब्द. त्यावर त्यांनी पुन्हा चष्मा काढला. माणूस वाईट नाहीये गं, इस्पितळाला तारीख देऊन बसलाय म्हणून चिडचिड करतो. मोठं इस्पितळ आहे. रक्ताचे अहवाल, औषधांचा साठा, कुठल्या वॉर्डात खाट मोकळी आहे, सगळं या एका यंत्रावर जायचंय. वीस एप्रिलला ते इथून हलायचं आहे. तिथे ते गप्प झालं तर काय होईल याचा विचार मी दिवसातून दहा वेळा करते.

मी विचारलं की छापील प्रत वहिनीला पाठवू का. कंपनीचा कागद बाहेर जाऊ द्यायचा म्हणजे त्यांना जडच गेलं. पण अर्ध्या तासानं स्वतःच सही करून परवानगी आणून दिली. सोबतच्या पार्सलात दोन गठ्ठे आहेत. पिवळ्या दोऱ्याचा तुझा मूळ, पांढऱ्या दोऱ्याचा आमचा नवा. कुलपं सगळी मी घातली आहेत. त्यातलं एक छोटं फंक्शन, ज्यात कप्पा यादीत परत ठेवतात, ते मी विशेष मेहनतीनं घोटलंय. साडेतीनचा आकडा बराचसा त्याचाच. नजर टाकशील तेव्हा कौतुक कर.

आप्पांना सांग हे पत्र तपासू नका, घाईचं आहे. तुझा लोभ या पार्सलाहून जड आहे हे ठाऊक आहे, तरी पोचपावती दे.

तुझी,
खारू


दि. ३० मार्च १९८९

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाप गेले चार दिवस नोकरीवर आहे हे कळवण्यास आनंद वाटतो.

पार्सल आलं त्या दिवशी तुझी वहिनी दोन्ही गठ्ठे जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. एकदा हा कागद बघ, एकदा तो बघ, बोटं ठेवून ठेवून मान दुखायला लागली तिची. मला राहवेना. मी म्हटलं, मूळ प्रत आणि मुद्रित असं एकट्यानं ताडून पाहतात का कधी? छापखान्यात आम्ही दोघं बसायचो. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मुद्रितावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे असं नाही. उलट न कळलेला बरा, तो मनानं शब्द भरत नाही. माझी लायकी तिला तत्काळ पटली.

तेव्हा रोज ती शाळेतून आली की चहा घेऊन आम्ही बसतो. मी तिचा जुना मजकूर वाचतो, कंस आणि अर्धविरामांसकट. कंस उघडला, कंस मिटला, तारा, बाण, शून्य. कालपर्यंत माझा घसा बसला. मधूनमधून ती हात वर करते आणि नव्या प्रतीत तुझं कुलूप कुठे आलं त्यावर खूण करते. सांगायला हरकत नाही, तुझं काम नीटनेटकं आहे. ओळी सरळ, समास सारखे. आमच्या काळी तुला नक्की ठेवून घेतलं असतं.

काल सायंकाळी पाचच्या सुमारास मी एक ओळ वाचली आणि ती म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचली. म्हणाली, आता फक्त तेवढीच. वाचली. तिनं नवे कागद जवळ ओढले. मला वाटलं माझा उच्चार चुकला. तर म्हणाली, आप्पा, ही ओळ इथे नाही.

मुद्रितातून ओळ गळणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. एकदा एका लग्नपत्रिकेतून आम्ही वराचं नावच गाळलं होतं. पण तुझी ओळ कुठली आणि तिचं महत्त्व काय, हे मी लिहायचं नाही अशी तंबी आहे. ती वेगळ्या पाकिटात लिहिते आहे. मी तुझा बाप असून मला ते पत्र वाचायला दिलेलं नाही, यावरून काय ते समज.

प्रकृतीला जप. स्टुलावर बसून पाठ मोडून घेऊ नकोस, टेकायला काहीतरी घे. आशीर्वादांत या खेपेस एकही मुद्रणदोष नाही, खात्री करून पाठवतो.

आप्पा


दि. ३० मार्च १९८९

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच.

यंत्र का थांबतं ते सापडलं. तेरापैकी बारा ठिकाणी तू माझी इंटरप्ट बंद करायची ओळ ठेवलीस आणि तिच्या जोडीला कुलूप घातलंस. अगदी बरोबर. तेराव्या ठिकाणी कुलूप आहे, माझी ओळ नाही. तू घोटलेल्या त्या छोट्या फंक्शनमध्ये.

तुला काय वाटलं असेल ते मी सांगू शकते. कुलूप आहे म्हणजे दुसरं कुणी आत येत नाही, मग इंटरप्ट बंद करण्यात वेळ कशाला दवडायचा? पण कुलूप दुसऱ्या प्रोसेसरला अडवतं. स्वतःला नाही अडवत. एक नंबरनं कुलूप धरलं, कप्पा यादीत ठेवायला लागला, आणि नेमक्या त्या क्षणी डिस्कची हाक आली. हातातलं टाकून तो तिकडे गेला. तिकडच्या कामालाही तीच यादी हवी, म्हणून तेच कुलूप मागायला लागला. कुलूप कुणाकडे आहे? त्याच्याचकडे. ते सुटायचं तर त्यानं मागे जाऊन अर्धं काम पुरं करायला हवं, आणि मागे जायचं तर कुलूप मिळायला हवं. तो स्वतःची वाट बघत उभा राहिला तो राहिलाच. मग बाकी तिघं, ज्याला ज्याला ती यादी लागली तो तो, येऊन उभे. म्हणून एक नंबर आधी. हाक त्यालाच येते.

ती जागा इतकी अरुंद आहे की हाक बरोबर तेव्हाच यायला कधी सहा तास लागतात, कधी दीड दिवस. म्हणजे तुमच्याकडे नुसतं यंत्र चालवून बघून हे कधीच सापडलं नसतं. इस्पितळात मात्र सापडलं असतं.

ओळ परत घातली की यंत्र चालेल. तुमचा वेग थोडा उतरेल. साडेतीन राहणार नाही.

आता अवघड भाग. तुमच्या साहेबांचं बोट माझ्या फायलीवर आहे. ती ओळ गुपचूप परत घालून, जुनी फाईल दुरुस्त केली, असं म्हटलंस तर कुणाला कळणार नाही आणि मी कुणाला सांगणार नाही. आप्पांनाही सांगितलेलं नाही. आठ वर्षांनंतर माझ्या नावाचं कुणाला काय पडलंय? काय करायचं ते तू ठरव. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं हे लिहायचा मोह होतोय, पण तुझ्या जागी मी नाही.

एक मात्र तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. ती ओळ इथे नाही हे कळलं तेव्हा तुझी काळजी वाटली, आणि त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की टेबलावरून उठून मागच्या अंगणात चार फेऱ्या मारून यावं लागलं. आठ वर्षांत असं झालं नव्हतं. वाईट आहे का गं हे?

काहीही ठरवलंस तरी माया जागची हलणार नाही. तिला कुलूप नाही आणि कुणाची हाक आली म्हणून ती मधेच टाकूनही जात नाही.

तुझी,
वहिनी


दि. ९ एप्रिल १९८९

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कपडे वाळत घालायच्या गच्चीवर वाचलं. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं तू दाखवलेली दुसरी वाट मला फार चांगली दिसली. मग मला आई आठवली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी परीक्षा तोंडावर होती. तू नोकरी सोडलीस, दादाच्या बदलीच्या गावी गेलीस, आईचं सगळं केलंस. मला एका शब्दानं बोलावलं नाहीस. मी परीक्षा दिली, तुझ्याच कंपनीत लागले, तुझ्याच फायलीवर बसले. आणि आता तुझ्या नावावर माझी चूक टाकून मोकळी होणार होते. गच्चीवर मला माझाच इतका राग आला की ओल्या चादरीला झटके देऊन देऊन पिळून काढलं.

दुसऱ्या दिवशी ओळ परत घातली. यंत्र डिस्कच्या भाराखाली सोडून दिलं आणि कुणाला काही बोलले नाही, कारण आधी खात्री हवी होती. एक दिवस गेला, दोन, चार. चारही दिवे लुकलुकत होते. पाचव्या दिवशी बैठक होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की जुनी फाईल निर्दोष आहे, ओळ मी काढली होती, वेग दिसावा म्हणून काढली होती. साडेतीनचा आकडा खरा नव्हता, आता तीन पूर्णांक तीन दशांश आहे. फळ्यावरची चौकट मी स्वतः पुसली.

साहेबांनी विचारलं की साडेतीन मी इस्पितळाला कळवलंय, आता काय सांगू. मी म्हटलं, खरं सांगा, हवं तर फोन मी करते. ते म्हणाले, तुम्ही कशाला, मी कळवलं, मीच करतो. आणि आमच्यासमोर त्यांनी फोन लावला. पलीकडून कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही, पण साहेबांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. फोन ठेवून म्हणाले, त्यांना आकडा आठवतही नव्हता. ते म्हणतात, यंत्र थांबत नाही ना एवढं सांगा.

मला बोलणी बसली, नाही असं नाही. खोलीत बोलावून साहेबांनी सांगितलं की पुढच्या वेळी ओळ काढण्याआधी ती कुणी आणि का लिहिली होती ते शोधायचं. मी हो म्हटलं. मग त्यांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, तुमच्या वहिनी हल्ली काय करतात. मी म्हटलं, शाळेत गणित शिकवतात. ते म्हणाले, कप्प्यांच्या त्या सगळ्या यादीला एकच कुलूप आहे, चार प्रोसेसर तिथे अजूनही रांग लावतात. ती यादी तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्याला वेगळं कुलूप घालायला हवं, आणि ते काम लिहिणारीनंच करावं. शाळेच्या सुट्टीत दोन महिने येतील का, असं विचारायला सांगितलंय. मला मात्र सक्तीची रजा. गेल्या आठ महिन्यांत एकही घेतलेली नाही. तेव्हा तू माझ्या खोलीत राहा, मी तिकडे आप्पांपाशी राहते. चावी घरमालकिणीकडे ठेवते.

नाही म्हणू नकोस. म्हणायचंच असलं तर दादाला विचारून म्हण, तो म्हणू देणार नाही. आणि तुझा तो प्रश्न: अजिबात वाईट नाही. तुझ्या अंगणातल्या चार फेऱ्यांत एक माझी धर.

तुझी,
खारू


दि. १८ जून १९८९

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीत, तुझ्याच दाताच्या खुणा असलेल्या पेन्सिलीनं लिहिते आहे. वन्सं, तुमच्या खोलीत कप सहा आणि बशी एकच, हे काय प्रकरण आहे? घरमालकीण मला तुझी मोठी बहीण समजते आणि तुझ्या तक्रारी माझ्याकडे करते. मी ऐकून घेते.

पहिले चार दिवस मी नुसती घाबरून होते. टर्मिनलसमोर बसले तर बोटांना कळा कुठे आहेत ते आठवेना. तुझ्याबरोबरचे ते दोघं मला मॅडम म्हणायचे, त्यामुळे आणखी पंचाईत. पाचव्या दिवशी त्यातल्या एकानं भर दुपारी माझ्याशी हमरीतुमरीवर येऊन वाद घातला की यादीचे तुकडे आठ हवेत, सोळा नकोत. मी ओरडून सोळा म्हटलं. त्यानंतर भीती गेली. दोघांनीही मोजून पाहिलं. बारा निघाले.

काम परवा पुरं झालं. इंटरप्ट आणि कुलूप आता मी एकत्रच बांधून टाकलंय, एक घेतलं की दुसरं आपोआप येतं. कुणाला वेगळं काढताच येणार नाही, मलासुद्धा. इस्पितळातलं यंत्र सात आठवडे अखंड चालू आहे. गेल्या आठवड्यात मी तिथे जाऊन आले. तळमजल्यावर काचेच्या खोलीत ठेवलंय. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ पत्नीच्या रक्ताचा अहवाल मागायला आले. कारकुनानं नंबर टाकला आणि कागद बाहेर आला. ते गृहस्थ म्हणाले, एवढ्यात? आणि कागद न वाचताच दोन मिनिटं हातात धरून उभे राहिले. आत काय लिहिलं होतं कोण जाणे, पण जिना चढताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही. मी मागे उभी होते. त्यांना काही कळायचं कारण नव्हतं, आणि मला सांगायचंही नव्हतं.

तू लिहिलं होतंस ना आईंबद्दल, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आईंपाशी काढलेली अडीच वर्षं मला कुणी परत दिली तर मी ती तशीच काढीन. त्यांचं माझं शेवटी फार जमलं होतं, तुला ठाऊक आहे. ती वर्षं तुझ्या मनावरून खाली ठेव. नंतरची साडेपाच वर्षं मात्र माझ्याकडे कुणी मागितली नव्हती. मीच उठायची विसरले.

काल साहेबांनी विचारलं की शाळा कधी सुरू होते, म्हणजे तुम्ही कधी जाणार. मी तारीख सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, की मला जायचं नाहीये. मीच दचकले. ते म्हणाले, मग नका जाऊ, जागा आहे. मी त्यांना सांगितलं की घरी विचारून कळवते. म्हणून हे पत्र. तुझ्या दादाला वेगळं लिहायचं धैर्य होईना. हेच त्याला दाखव. तो नाही म्हणाला तर त्याचं खरं, त्याची नोकरी तिकडे आहे, आप्पा तिकडे आहेत. फक्त तो वाचत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघ आणि मला लिही.

माझ्यावर जीव आहेच तुझा, आता थोडा धीरही पाठव.

तुझी,
वहिनी


दि. २३ जून १९८९

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं चेहऱ्याकडे बघितलं. दादानं पत्र उभ्यानंच वाचायला घेतलं, मधेच खाली बसला, आणि शेवट वाचून पुन्हा पहिल्या पानावर आला. मला काही अंदाज येईना. मी विचारलं, तर म्हणाला चहा टाक. चहा होईपर्यंत सायकल काढून गेलेला!

दीड तासानं आला. आप्पांनी आणि मी एकदमच विचारलं, कुठे होतास. म्हणाला, ऑफिसात, बदलीचा अर्ज देऊन आलो, तुझ्या गावाचा. पाणी काय, तिकडेही लोक पितातच. इतकं बोलून गार झालेला चहा पिऊन टाकला, आणि मग हसायलाच लागला. त्या अर्जात बदलीचं कारण लिहायचा रकाना असतो. यानं लिहिलं, पत्नीची नोकरी. कारकुनानं तो रकाना वाचला, याच्याकडे बघितलं, परत वाचला. समजुतीच्या सुरात म्हणाला की साहेब, असं कारण आजवर या ऑफिसात कुणी लिहिलेलं नाही, मी वडिलांचं आजारपण असं घालू का, लवकर मंजूर होईल. दादा म्हणाला, वडील ठणठणीत आहेत, आणि कारण जे आहे तेच आहे.

आप्पा मघापासून पुस्तकांची कपाटं रिकामी करताहेत. मी सांगितलं की मंजुरी यायला दोन महिने लागतील, तर म्हणाले तेवढे लागतीलच.

आता माझ्या खोलीत आपण चौघं कसे मावणार ते तू ठरव. सगळ्यांची माया तिकडे निघाली आहे, दार उघडं ठेव.

तुझी,
खारू